बिनशेपटीचा कीबोर्ड

इंदू कॉम्प्युटरसमोर बसली की काम सुरू करण्याआधी एक ओळ टाइप करायची. ‘मी उनू.’ आमच्या अहिराणीत म्हणजे मी आले. ओळ पडद्यावर उमटली की नीट वाचायची, मग एकेक अक्षर पुसायची आणि मगच हातातल्या कामाला लागायची. मी एकदा म्हणालो, ‘‘तो काय तुझा व्याही आहे, त्याला सांगून बसतेस?’’ तर म्हणाली, ‘‘कुणाच्या दारात शिरताना माणूस आवाज देतो. तुम्ही देत नाही. तुम्ही सरळ चुलीपर्यंत जाता. म्हणून तर गल्लीतली कुत्री तुमच्यावर भुंकतात.’’

कुत्री भुंकायची हे खरं आहे. अजून भुंकतात.

इंदू माझी बायको. या चैत्रात गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी चौथी शिकलेला माणूस, सगळा जन्म सांच्यावर काढला. यंत्रमागाला इकडे सुरतेत सांचा म्हणतात. मला सजवून लिहिता येत नाही. पण इथल्या गोडादऱ्याच्या वस्तीत, आमच्या खानदेशी लोकांत तिला ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि तुम्ही तिला पाहिलेलं नाही. म्हणून लिहितो.

ती दिसायला लहानखुरी, आवाज मोठा. सातवी शिकलेली. लग्न होऊन सुरतेत आली तेव्हापासून घरबसल्या साड्यांना टिकल्या लावायची. काडीच्या टोकाला मेण लावायचं, त्यावर एक टिकली उचलायची, गोंदाच्या थेंबावर ठेवायची. दुसरी उचलायची. हजारो साड्या गेल्या असतील तिच्या हाताखालून, एकही आमच्या घरात राहिली नाही. मी चिडायचो, ती नाही. म्हणायची, ‘‘अहो, कुण्या तरी लग्नात चमकतच असतील ना.’’

मुलगा किशोर नोकरीला वापीला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर घरीच ठेवून गेला. मी म्हणालो, भंगारात दे. तिनं त्याच्यावर ओढणी पांघरली आणि चार दिवसांनी त्याच्यासमोर जाऊन बसली. किशोर आला की त्याच्याकडून शिकायची. टिकली लावावी तसं एकेक अक्षर टिपायची. मराठी टाइप करायला लागली आणि हळूहळू लोक लग्नाचे बायोडाटा करून घ्यायला यायला लागले. कारण इकडच्या दुकानात गुजराती झकास करून देतात, पण धुळ्या-नंदुरबारकडच्या पाहुण्यांना कागद मराठीत लागतो. दुकानदारानं केलेल्या मराठीत मुलीचा मामा आत्या होऊन जायचा.

पण इंदूकडून कागद करून घेणं सोपं नव्हतं. ती उलटतपासणी घ्यायची.

‘‘रंग गोरा लिहायचा? कुणाचा? हिचा? अरे भाऊ, मी हिला रोज नळावर बघते.’’

‘‘वहिनी, सगळेच लिहितात.’’

‘‘सगळ्यांनी लिहावं. माझ्या हातून गव्हाळ येईल. आणि गव्हाळाला काय झालं? भाकर गोरी असते का?’’

कुणी पगार वाढवून सांगितला की ती हात मांडीवर ठेवून बसायची, टाइपच करायची नाही. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘‘लग्नाच्या कागदावर जे लिहाल, ते पोरीला रोज ताटात वाढून खावं लागतं.’’ लोक तिच्या तोंडावर हसायचे, मागे शिव्या द्यायचे, आणि दुसऱ्या पोरीच्या वेळेला परत तिच्याकडेच यायचे.

पहिल्या कीबोर्डाची वायर उंदरानं कुरतडली. किशोर म्हणाला नवा आणतो. ती म्हणाली, ‘‘या वेळी शेपटीवाला नको.’’ नेमकं तेव्हाच शेजारच्या पूनमलाही नवा घ्यायचा होता. पूनम म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात त्या शेजाऱ्यांची सून. घरच आमच्या खानदेशाकडचं, पण तिचा जन्म सुरतेचा, शाळा गुजराती. ती घरातून साड्यांच्या ऑर्डरी घेते, बिलं गुजरातीत करते. दोघी मिळून दुकानात गेल्या आणि एकसारखे दोन काळे कीबोर्ड घेऊन आल्या. बिनवायरचे. कॉम्प्युटरच्या मागे नखाएवढा एक तुकडा खोचायचा, तो हवेतून कीबोर्डाचं ऐकतो. आपला तुकडा आपल्याच कीबोर्डाचं ऐकतो, दुसऱ्याचं नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

आता नवमीची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वीची.

खंडेनवमीला आम्ही सांच्यावरची माणसं हत्यारं पुजतो. धोटा, कातर, पान्हे. इंदूनं गल्लीची रीतच पाडली होती. सगळ्यांची हत्यारं आमच्या ओट्यावर, एका पाटावर. कुणाची इस्त्री, कुणाचं शिवणयंत्राचं डोकं, कुणाची थापी. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्यालाही सुट्टी. कुणी मोबाइल मांडायला आणला तर म्हणायची, ‘‘दिवसभर हात लावायचा नाही, जमेल?’’ मोबाइल परत जायचा. त्या वर्षी तिनं आपला कीबोर्ड मांडला. पूनमनंही आपला आणून त्याच्याशेजारी मांडला. दोन्हींवर कुंकवाचं बोट.

दसऱ्याच्या सकाळी ज्यानं त्यानं आपापली हत्यारं उचलून नेली.

त्याच सकाळी भिकन आला. भिकन माझ्याबरोबर सांच्यावर होता, सरळ माणूस. बरोबर मुलगी मंगल. भिकनच्या हातात दुकानात केलेला कागद होता आणि तोंडावर घाई. नंदुरबारकडचे पाहुणे त्याच्या घरी उतरले होते, दुपारच्या गाडीनं उधना स्टेशनावरून परत जाणार होते. दसऱ्याचा दिवस, चांगला मुहूर्त, कागद आजच हातात द्यायचा होता.

‘‘मग दे की,’’ मी म्हणालो. ‘‘इकडे कशाला आणला?’’

भिकन मंगलकडे बघायला लागला. मंगल जमिनीकडे. इंदूनं कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला. त्यावर लिहिलं होतं, प्रथम विवाह.

मंगलचं लग्न आधी झालेलं होतं. वर्षही टिकलं नाही. नवऱ्यानं आणून सोडली, कोर्टातून मोकळी झाली, यात तिची काही चूक नव्हती. गल्लीला माहीत होतं. नंदुरबारला माहीत नव्हतं.

‘‘वहिनी, आधी पोरगी पसंत पडू द्या,’’ भिकन म्हणाला. ‘‘मग सांगतोच की.’’

‘‘कधी? हळद लागल्यावर?’’

‘‘तुम्ही रागावू नका. ही ऐकत नाही म्हणून आलो. ही म्हणते, इंदूकाकूंनी लिहिलेला कागद असेल तरच द्या.’’

तेव्हा मंगल बोलली. त्या पोरीचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. म्हणाली, ‘‘काकू, खरं लिहा. परत पेटी घेऊन माहेरी यायचं बळ नाही माझ्यात.’’

इंदू उठली, कॉम्प्युटर चालू केला, मराठीचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. मी उनू. पडद्यावर काही नाही. परत. मी उनू. पान पांढरं ते पांढरं.

‘‘तुले काय व्हयनं?’’ ती कीबोर्डाला म्हणाली. तुला काय झालं, असं. यंत्राशी ती अहिराणीतच बोलायची.

भिकन लगेच म्हणाला, ‘‘राहू द्या वहिनी. देवाच्या मनात नसेल. दुकानाचा आहे तो देऊ.’’ मला वाटतं त्याला बरंच वाटलं. बाप होता, त्याला मी दोष देत नाही.

मी कीबोर्ड हातात घेतला आणि खालून एक चापट मारली. सांचा अडला की आम्ही तेच करायचो आणि निम्म्या वेळा तो चालायचा.

‘‘ठेवा खाली,’’ इंदू म्हणाली. ‘‘मारून किशोर तरी सुधारला का?’’

तिची एक पद्धत होती. डाळ शिजत नसेल तर आधी चूल पेटली का बघावं, म्हणायची. मग पाणी, मग डाळ. शेवटी बाजारवाला. लोक आधी बाजारवाल्याला शिव्या देतात. तर तिनं आधी चूल बघितली. कीबोर्ड उलटा केला, पाठीवरचं बटण चालू होतं. बटण बंद करून परत चालू केलं, हिरवा दिवा लागून विझला. म्हणजे जीव आहे. तरी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून त्यात घातला. घड्याळ थांबलं, कीबोर्ड चालला नाही. परत तीच ओळ दाबून बघितली. मी उनू, मी उनू. काही नाही.

मग किशोरला फोन. फोनचा आवाज मोठा करून ठेवला, कारण मला ऐकू कमी येतं. सांच्याच्या खडखडाटात कान गेले माझे.

‘‘आई, मागचा तुकडा काढून परत खोच.’’

‘‘खोचला.’’

‘‘पुढच्या बाजूला लाव. मागे पत्रा आड येतो कधी कधी.’’

‘‘लावला. नाही.’’

‘‘कॉम्प्युटर बंद करून चालू कर.’’

तो बंद होऊन चालू होईस्तोवर भिकननं तीनदा गाडीचं नाव काढलं. मंगल कॉम्प्युटरकडे अशी बघत होती, जणू आत तिचाच निकाल अडकला आहे. पान उघडलं. इंदूनं दाबलं. काही नाही.

‘‘आई, मग खराब झाला असेल तो.’’

‘‘काल चांगला होता,’’ इंदू म्हणाली. ‘‘काल त्याची पूजा केली मी. पूजा केलेलं बिघडत नाही, आपलं काहीतरी चुकतं.’’ आणि पुन्हा दाबायला लागली. तिचा हा हट्ट बघून मला हसू येत होतं आणि भिकनचं तोंड बघून हसता येत नव्हतं.

एवढ्यात पूनम धावत आत आली. ओढणी एका खांद्यावर, चेहरा उतरलेला.

‘‘मावशी! माझ्या कॉम्प्युटरात कोणतरी घुसलंय!’’

‘‘कोण घुसलं?’’

‘‘माहीत नाही! मी बिल बनवते, माझं काही टाइपच होत नाही, अने वच्चे, मध्येच, आपोआप लिहून येतंय. साडीच्या नावाच्या जागी. मी उनू, मी उनू, मी उनू. अक्षरं गुजराती, पण बोलणं आपलं! कोण उनू, मावशी? हॅकर अहिराणी बोलतो का?’’

इंदूचं बोट होतं तिथेच राहिलं. मग तिनं पूनमकडे बघितलं, कीबोर्डाकडे बघितलं आणि अशी हसायला लागली की खुर्ची हलायला लागली.

‘‘अगं पोरी, मीच ती,’’ म्हणाली. ‘‘मीच तुझ्या घरात शिरले. आणि बघ, आवाज देऊन शिरले!’’

पाटावरून उचलताना कीबोर्डांची अदलाबदल झाली होती. दोन्ही सारखे, दोन्हींवर कुंकू. इंदूच्या हातात पूनमचा होता आणि तो इमानानं भिंतीपलीकडे पूनमच्याच पडद्यावर लिहीत होता. इंदूचा पूनमकडे होता आणि त्याला आमच्या तुकड्याशिवाय दुसरं कुणी माहीत नव्हतं. आमचा कॉम्प्युटर बंद-चालू होत होता, म्हणून तिची अक्षरं आमच्याकडे कुठे दिसली नव्हती.

‘‘जा, तिकडून काहीतरी लिही,’’ इंदू म्हणाली. पूनम पळाली. जरा वेळानं आमच्या पांढऱ्या पानावर एकेक अक्षर उतरायला लागलं, कुणाचंही बोट नसताना. ‘मावशी आवे छे?’ म्हणजे येतंय का. बोलणं गुजराती, अक्षरं मराठी, कारण अक्षरं कॉम्प्युटरची असतात, कीबोर्डाची नाही. भिकन खुर्चीवरून अर्धा उठला. इंदूनं इकडून दाबलं, ‘चहा ठेव’, आणि भिंतीपलीकडून पूनम ओरडली ते म्हणे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मला नाही, पण मंगल तोंडावर हात धरून हसताना मी बघितली.

मग कीबोर्ड परत बदलून घेतले आणि इंदू कामाला लागली. मी उनू, लिहिलं, पुसलं. पाहुण्यांच्या गाडीला वेळ थोडा होता, पण तिनं घाई केली नाही. टिकली लावावी तसं एकेक अक्षर लावलं. नाव, जन्म, शिक्षण, मामाचं गाव. आणि विवाह या शब्दापुढे: पहिलं लग्न झालेलं होतं, कायद्यानं मोकळी आहे, दोष मुलीचा नाही.

‘‘शेवटचं कशाला?’’ भिकन म्हणाला.

‘‘कारण तेच कुणी लिहीत नाही,’’ ती म्हणाली.

प्रिंटरमधून कागद निघाला. भिकन घेऊन उभाच राहिला, पाय उचलेना. इंदूनं त्याच्या हातातून कागद घेतला, पायात चप्पल घातली, ‘‘चल मंगल,’’ म्हणाली आणि स्वतः पाहुण्यांच्या हातात देऊन आली. मी मागून गेलो होतो. पाहुण्यांनी दारातच वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. ‘कळवतो’ म्हणाले. इंदू त्यांना म्हणाली, ‘‘कळवा. आणि नाही म्हणायचं असेल तर कागद फाडू नका, पुढे कुणाला तरी द्या.’’

त्यांनी नकार कळवला. भिकन आमच्याशी बरेच दिवस बोलला नाही. इंदूनं मनाला लावून घेतलं नाही, की घेतलं आणि मला दिसू दिलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण कागद खरोखर पुढे गेला. नंदुरबारहून कुणाकडे, तिथून नवापूरला कुणाकडे. पुढच्या उन्हाळ्यात नवापूरचा एक माणूस स्वतःहून आला. त्याची बायको वारली होती. तो मंगलला म्हणाला, खरं लिहिलेला कागद मी पहिल्यांदा बघितला, म्हणून आलो. आता मंगल तिकडे आहे, बरी आहे. इंदूच्या दहाव्याला नवऱ्याला घेऊन आली होती. रडली नाही, स्वयंपाकघरात जाऊन बायकांबरोबर भाकरी थापायला बसली. भिकन माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

इंदू गेल्यावर मी कॉम्प्युटरवर तिचीच ओढणी पांघरली. किशोर म्हणाला वापीला चला. मी नाही म्हणालो. पूनम म्हणाली दोन वेळा आमच्याकडे जेवत जा. तिलाही नाही म्हणालो. मला लोकांच्या घरी जेवायला आवडत नाही. खिचडी येते मला. पूनम तरी दुपारी दार वाजवायची, डबा घेऊन. मला ऐकू यायचं नाही. डबा ओट्यावर राहायचा आणि त्याच कुत्र्यांना सापडायचा. मग ती येऊन माझ्यावर ओरडायची, ते मात्र ऐकू यायचं.

या नवमीला गल्ली माझ्या ओट्याकडे बघत होती. कुणी विचारलं नाही, पण हत्यारं हातात घेऊन आपापल्या दारात उभे होते. मी पाट मांडला. काय करणार? इंदूचा कीबोर्ड पुसला, मांडला. पूनमनं आपला आणून ठेवला. कुंकू मी लावलं, माझं बोट जाड, कुंकू जास्तच लागलं.

दसऱ्याला ज्यानं त्यानं नेलं. मी ओढणी काढली. हत्यार पुजल्यावर एकदा चालवून बघायचं असतं, सांच्यावरही आम्ही बघायचो. कॉम्प्युटर चालू केला. पान उघडायला किशोरनं शिकवलं होतं, उघडलं. एका बोटानं दाबलं. काही नाही.

चापट मारायला हात उचलला होता. मग खाली घेतला. आधी चूल. पाठीवरचं बटण चालू होतं. हिरवा दिवा लागून विझला. घड्याळातला सेल काढून घातला. मागचा तुकडा काढून खोचला. तरी काही नाही. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. घड्याळ बंद, घर गप्प. तेव्हा पांढऱ्या पानावर एक अक्षर आलं. का. मग परत का.

भुताखेतावर माझा विश्वास नाही. आणि मला काका म्हणणारी इंदू नव्हतीच. पण खोटं कशाला लिहू, छातीत एकदा सांचा सुरू झाल्यासारखं झालं.

‘काका.’ मग थांबलं. मग हळूहळू, शोधून शोधून: ‘परत बदलला. तुम्हाला दार वाजवून ऐकू येत नाही. वाचता तर येतं ना. जेवायला या. आज पुरणपोळी आहे. डबा नाही देणार.’

मी वाचलं. परत वाचलं. भिंतीकडे बघितलं, तिच्यापलीकडे ती पोरगी माझ्या बायकोचा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली असणार, माझ्या उत्तराची वाट बघत. माझ्यासमोर तिचा कीबोर्ड होता.

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला अक्षरं ओळखता येतात, पण कीबोर्डावर ती ओळीनं नसतात, विखुरलेली असतात. मी शोधत बसलो. म मिळाला. वेलांटी मिळेना, मिळाली. उ मिळाला. न मिळाला. खालचा उकार इंदू कुठून काढायची देव जाणे, तो शेवटी एका कोपऱ्यात सापडला. माझ्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. बरोबर लिहिलं की नाही कळायला मार्ग नव्हता.

‘मी उनू.’

शर्ट घातला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि गेलो. पूनमच्या दारात क्षणभर थांबलो, आणि या वेळी सरळ चुलीपर्यंत गेलो नाही. आवाज दिला.